फाट्यावरचा प्रवासी : प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यात एसटी स्टँडवर मिळते, हे अर्धंच खरं. बहुतेकांना ती मिळते फाट्यावर. गावातून निघायचं, दोन-तीन किलोमीटर पायी यायचं किंवा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून डांबरी सडक गाठायची, तिथल्या लिंबाच्या सावलीत उभं राहायचं आणि ढोकीकडून नाहीतर येरमाळ्याकडून येणाऱ्या लाल गाडीला हात करायचा. गाडी थांबली तर दिवस हाती लागला. भरून आली आणि थांबली नाही, तर तहसीलचं काम उद्यावर, दवाखान्याचा नंबर उद्यावर, कॉलेजचा पहिला तास बुडाला.

हा माणूस राहतो खेड्यात. पण त्याचा डॉक्टर, त्याचं कोर्ट, त्याच्या मुलीचं कॉलेज, बियाण्याचं दुकान, बँक, सगळं शहरात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या पुढे होती आणि खुद्द धाराशिव शहराची एक लाख बारा हजारांच्या आसपास. तुळजापूर, कळंब, उमरगा, परंडा, भूम ही गावं त्याहून कितीतरी लहान. या गावांच्या रस्त्यांवर दिवसा जी वर्दळ दिसते तिच्यातली पुष्कळशी माणसं रात्री तिथं नसतात, संध्याकाळच्या गाडीनं परतलेली असतात. त्यामुळे ‘शहरी प्रवास’ हा शब्द आपल्याकडे वापरायचा तर तो फाट्यापासून मोजावा लागतो. पुढची सगळी पानं या एका गोष्टीवर उभी आहेत.

कोरोनाच्या महासाथीनं शहरातलं येणं-जाणं कसं बदललं, यावर गेल्या काही वर्षांत भरपूर लिहिलं गेलं. मराठीत जे वाचायला मिळालं ते बहुतेक मुंबई-पुण्याचं. साहजिकच आहे. रोज पंच्याहत्तर लाखांवर माणसं वाहून नेणारी मुंबईची लोकल २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री थांबली, १५ जूनला फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, ऑक्टोबरात ठरावीक वेळेत महिलांना मुभा मिळाली, १ फेब्रुवारी २०२१ ला सगळ्यांना मर्यादित वेळेत, आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद होऊन १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना. या तारखा मुंबईकराच्या अंगावर कोरल्या गेल्या आहेत. पण त्या लिखाणातला प्रवासी हा बहुतेक वेळा ज्याच्यापुढे काहीतरी पर्याय आहे असा प्रवासी असतो. त्याला घरून काम करता आलं. गर्दीची वेळ टाळता आली. गाडी घेता आली. फाट्यावरच्या माणसाला यातलं काय करता येण्यासारखं होतं? दूध डेअरीवर पडद्यातून पोचत नाही. डायलिसिस घरून होत नाही. महासाथीनं त्याला एकच पर्याय दिला : जायचं की नाही. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही. चढलेल्या प्रवाशाचं तिकीट फाटतं, न गेलेल्याचं काहीच फाटत नाही.

पहिल्या महिन्यांपासून सुरुवात करतो, कारण तेव्हा घेतलेल्या निर्णयांचं एकक चुकलं आणि ती चूक नंतर कुणी मुद्दाम दुरुस्त केली नाही.

एसटीची चाकं २३ मार्च २०२० ला थांबली. एप्रिलमध्ये उमरगा-लोहारा भागात जिल्ह्यातले पहिले काही रुग्ण सापडले आणि ते बरे होऊन घरी गेले. ३० एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं देशातल्या जिल्ह्यांची लाल, नारंगी, हिरवी यादी काढली. महाराष्ट्रात हिरवे जिल्हे फक्त सहा : सिंधुदुर्ग, गोंदिया, गडचिरोली, वर्धा, वाशिम आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आपला धाराशिव. दुसऱ्या दिवशीच्या केंद्राच्या आदेशात हिरव्या जिल्ह्यांत निम्म्या आसनांवर बस चालवायला मुभा होती. राज्यात जिल्ह्यांतर्गत एसटी सुरू झाली २२ मेपासून, चव्वेचाळीस जागांच्या गाडीत बावीस माणसं बसवून. तोवर मुंबई-पुण्याहून माणसं परतू लागली होती आणि त्यांच्यासोबत आजारही जिल्ह्यात येऊ लागला होता.

उशीर झाला, ही माझी तक्रार नाही. त्या दिवसांत कुणालाच काही उमगत नव्हतं, आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यावर जे ओझं होतं त्याची कल्पना मला आहे. माझं म्हणणं आहे ते ‘जिल्हा’ या एककाबद्दल. परंड्याचा, भूमचा, वाशीचा, कळंबच्या पश्चिमेकडचा माणूस अडल्या-नडल्याला धाराशिवला जात नाही, बार्शीला जातो. बाजार बार्शीचा, दवाखाने बार्शीचे, कॅन्सरचं हॉस्पिटलही बार्शीला. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, आणि सोलापूर तेव्हा लाल. तुळजापूर-नळदुर्गचा माणूस सोलापूरला जातो, कळंब-ढोकीचा लातूरलाही जातो. उमरग्याचे तर सोयरेधायरे कर्नाटकात. नकाशावर काढलेली जिल्ह्याची रेघ आणि माणसाच्या पायाखालची वाट एकमेकींवर कधीच बसत नव्हत्या. आठवड्याच्या बाजाराला किंवा पोरीच्या बाळंतपणाला जाताना आधी कुणाच्या ध्यानातही न येणारी ही रेघ २०२० च्या उन्हाळ्यात नाकाबंदी होऊन उभी राहिली. ई-पास काढल्याशिवाय ओलांडता येईना. तो मोबाइलवर काढायचा, कागदपत्रं चढवायची, वाट बघायची. सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला ई-पास गेला, पुढच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत परत आला. तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातून बसनं आलेल्याच्या हातावर चौदा दिवसांच्या गृहविलगीकरणाचा शिक्का मारायचा नियम झाला. हातावर शिक्का घेऊन गावात शिरायचं म्हणजे काय असतं, हे ज्यांनी सोसलं त्यांनाच विचारावं. गावांनी वाटेवर बोरी-बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या.

आमच्या घरात एका डोळ्याचं ऑपरेशन बार्शीला ठरलेलं होतं. गाव ते बार्शी हे अंतर एका तासाचं. ते ऑपरेशन आठ महिने पुढे गेलं, आणि त्या आठ महिन्यांत जेवढी नजर गेली ती परत आली नाही. अशा गोष्टी घरोघर आहेत. मी ही एक सांगितली ती एवढ्यासाठी, की हा विषय माझ्याकडे वाहतूकशास्त्राच्या दारानं आलेला नाही हे वाचकाला कळावं.

२०२० च्या त्याच उन्हाळ्यात उलट्या दिशेनं एक फार मोठा प्रवास अडून पडला होता. बालाघाटाच्या कुशीतल्या गावांतून, म्हणजे बीडच्या आणि आपल्या भूम, वाशी, परंडा, कळंबच्या गावांतून, पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला गेलेली माणसं कारखान्यांच्या फडांवर अडकली. राज्यभरात ती सव्वा लाखाहून जास्त होती. एप्रिलच्या मध्यात सरकारनं तपासणी करून त्यांना गावी सोडायची परवानगी दिली. दर दिवाळीनंतर जाणारी आणि उन्हाळ्यात परतणारी ही माणसं कोणत्याही वाहतूक-आराखड्यात प्रवासी म्हणून धरलेली नसतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, भांडी, लेकरं आणि कोंबड्या घालून ती जातात, ट्रॉलीतूनच येतात. महासाथीत ती एकदाच सरकारी आदेशात दिसली आणि परत दिसेनाशी झाली. त्यांच्यावर वेगळं प्रकरण आहे, म्हणून इथं एवढंच.

आजार आणि वाहनं यांचं नातं या भागाला नवं नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. पुढच्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारनं साथरोग कायदा केला, आणि त्याच १८९७ च्या मार्चमध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरनं ती उभारली. लहान रुळांवरही मोठ्या वजनाची वाहतूक नीट होते हे त्यानं जगाला दाखवलं, असं रेल्वेचा इतिहास लिहिणारे मानतात. एका हातानं रस्ता उघडायचा आणि दुसऱ्या हातानं स्टेशनावर प्रवाशाची काख तपासायची, असा तो काळ. बार्शीच्या पलीकडे निजामाची हद्द सुरू व्हायची. ही रेल्वे पुढे त्या हद्दीत येडशी, तडवळे करत १९११ मध्ये लातूरला पोचली, पण धाराशिव शहराला तिनं बगलच दिली. शहराला स्टेशन मिळालं ते रूळ रुंद करताना मार्ग वळवला तेव्हा, म्हणजे शंभर वर्षांनी, २००८ च्या सुमाराला. १८९७ चा तोच साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं पुन्हा लागू केला. सव्वाशे वर्षांत गाड्या बदलल्या, रूळ बदलले, राज्यं बदलली. साथ आली की आधी प्रवासी थांबवायचा हा विचार तसाच राहिला. थांबवलेला प्रवासी परत कसा न्यायचा, यासाठी मात्र आपल्याकडे तेव्हाही कायदा नव्हता आणि आजही नाही.

१९१८ च्या इन्फ्लुएंझात न्यू यॉर्कमध्ये आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी दुकानं, कचेऱ्या, कारखाने यांच्या वेळा पुढेमागे केल्या, भुयारी रेल्वेत एकाच वेळी गर्दी होऊ नये म्हणून. त्यांनी गाड्या थांबवल्या नाहीत, गर्दी पसरवली. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे तहसील, बँक, पंचायत समिती, कॉलेज, सगळं दहा-अकराला उघडतं आणि पाचच्या आसपास मिटतं. फाट्यावरची गर्दी त्यातूनच होते. नऊ वाजताची गाडी गच्च आणि साडेअकराची रिकामी. २०२० मध्ये या वेळा हलवून बघायची संधी होती, कारण तशीही सगळी घडी विस्कटलेली होती. ती कुणी घेतली नाही.

आता एसटी. हा या पुस्तकाचा गाभा आहे, तेव्हा थोडं सविस्तर.

धाराशिव विभागात सहा आगारं : धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा. महासाथीच्या आधी राज्यभरात एसटीकडे सुमारे अठरा हजार गाड्या होत्या आणि रोज पासष्ट लाखांवर माणसं त्यांतून जात. रोजचं उत्पन्न बावीस कोटींच्या घरात. हे एका रात्रीत शून्यावर आलं. जिल्ह्याबाहेरच्या फेऱ्या २० ऑगस्ट २०२० ला सुरू झाल्या, पूर्ण आसनांवर बसायची परवानगी सप्टेंबरच्या मध्यानंतर मिळाली. मधल्या काळात महामंडळानं मालवाहतूक सुरू केली, परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडलं, राजस्थानातल्या कोटा शहरात अडकलेले विद्यार्थी आणले. जिल्ह्याजिल्ह्यांतून गाड्या, चालक, वाहक मुंबईला बेस्टच्या मदतीला पाठवले गेले. मुंबईची निकड खरीच होती. पण आपल्या आगारातला चालक मुंबईच्या रस्त्यावर गेला तेव्हा त्याची इथली फेरी कोण चालवणार, हा प्रश्न मुंबईला पडायचं कारण नव्हतं. त्या चालक-वाहकांपैकी अनेकांना तिथं कोरोना झाला. ते आजारी पडून परतले, काही परतले नाहीत. पगार महिनोन्महिने थकले. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारनं एक हजार कोटी दिले तेव्हा कुठं दिवाळीला घरात काही आलं.

मग २०२१ चा ऑक्टोबर. हा महिना ठळक करून ठेवावा असं मी म्हणेन. दीड वर्ष बहुतेक काळ बंद असलेल्या शाळा ४ ऑक्टोबरला उघडल्या, ग्रामीण भागात पाचवीपासून पुढे. २६ ऑक्टोबरला एसटीची सतरा टक्क्यांहून थोडी जास्त भाडेवाढ झाली. आणि महिना संपायच्या आत कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो कोर्टाच्या आदेशानं कामगार कामावर परतले तोवर, २२ एप्रिल २०२२ पर्यंत, चालला. जवळपास सहा महिने. म्हणजे शाळेचं दार उघडलं आणि शाळेत नेणारी गाडी थांबली. त्याच शैक्षणिक वर्षात दहावी-बारावीच्या परीक्षा प्रत्यक्ष व्हायच्या होत्या.

संपकऱ्यांच्या मागण्यांची बाजू मी इथं मांडणार नाही, ती स्वतंत्र प्रकरणात आहे. दीड वर्षाच्या उपासमारीतून तो संप उभा राहिला आणि कित्येक कर्मचाऱ्यांनी त्या काळात आपला जीव दिला, हे मात्र विसरता येत नाही. पण प्रवाशाच्या बाजूनं बघितलं तर लॉकडाऊन आणि संप हे दोन वेगळे प्रसंग नव्हतेच. त्याच्यासाठी मार्च २०२० ते एप्रिल २०२२ ही गाडी नसण्याची एकच लांब रात्र होती, मधे काही महिने उजाडल्यासारखं झालं इतकंच. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारनं खासगी बस, स्कूल बस, अगदी मालवाहू गाड्यांनाही प्रवासी न्यायची तात्पुरती मुभा दिली. काळीपिवळी, क्रुझर, ॲपे, छोटा हत्ती, जे मिळेल त्यात माणसं बसली. जी माणसं आजाराच्या भीतीनं मोठ्या खिडक्यांच्या एसटीतून उतरवली होती, तीच आता एकमेकांच्या मांडीवर बसून जीपमधून चालली. हवा खेळती असलेली मोठी गाडी आणि कोंबलेली छोटी गाडी यांत आजाराला सोयीची कोणती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पॅरिस आणि टोकियोत २०२० च्या उन्हाळ्यात संसर्गाच्या साखळ्या शोधल्या तेव्हा सार्वजनिक वाहनांतून पसरलेला आजार फार थोडा सापडला. आपल्याकडे हा शोध कुणी घेतला नाही, पण ‘गर्दीच्या गाडीत बसू नका’ हा सल्ला मात्र फाट्यापर्यंत पोचला.

ज्याला जमलं त्यानं मोटारसायकल घेतली. नवी, जुनी, हप्त्यावर, दावणीचं जनावर विकून. तिच्याविरुद्ध बोलणं मला शोभणार नाही. दोन वर्षं ज्यानं वाट पाहिली त्यानं आपली सोय केली. तिच्यामुळे रात्री-अपरात्री दवाखाना गाठता आला, शेतातला भाजीपाला पहाटे बाजारात पोचला. पण घरातली मोटारसायकल बहुतेक ठिकाणी एका माणसाची असते, आणि तो माणूस घरातला कर्ता पुरुष किंवा तरुण पोरगा असतो. सासूला माहेरच्या लग्नाला जायचंय, सुनेला आपल्या आईला बघायचंय, मुलीला क्लासला जायचंय, तर ‘कुणीतरी सोडायला’ लागतं. एसटीत बाई एकटी बसून जायची. तिच्या कनवटीला तिकिटापुरते पैसे असले की तिला कुणाची परवानगी, कुणाची सवड लागत नव्हती. मी गेली काही वर्षं स्टँडवर आणि फाट्यांवर लोकांना एकच प्रश्न विचारत आलो : लॉकडाऊनच्या आधी कुठं जात होता, जिथं आता जात नाही? पुरुषांना हा प्रश्न नीट कळायलाच वेळ लागायचा. बायकांना लागायचा नाही. माहेर, मावशी, बाजार, एखादी जुनी मैत्रीण, मंगळवारची देवी, अशी नावं त्या बोटांवर मोजून सांगायच्या.

फेरी जाते कशी, हेही समजून घ्यायला हवं, कारण ती कुणी ठरवून दुष्टपणे बंद करत नाही. महामंडळात भारमान नावाचं एक माप आहे : गाडीच्या एकूण जागांपैकी किती भरल्या. त्याच्या जोडीला किलोमीटरमागचं उत्पन्न. गाड्या कमी, त्यातल्या कितीतरी जुन्या, चालक-वाहक कमी, डिझेल महाग. अशा वेळी आगार व्यवस्थापक हाताशी असलेली गाडी कुठं पाठवेल? जिथं ती भरते तिथं, म्हणजे सोलापूरला, लातूरला, पुण्याला. आडवळणाच्या गावची दुपारची फेरी आधी ‘तात्पुरती’ रद्द होते. चार दिवस वाट बघून लोक दुसरी सोय करतात. मग ती पुन्हा सुरू केली तरी गाडी रिकामी धावते आणि भारमानाच्या हिशेबानं ती बंद करणंच बरोबर होतं असं ठरतं. महासाथीनं हे चक्र सुरू केलं नाही, ते आधीपासून फिरत होतं. पण राज्यातली प्रत्येक फेरी एकाच दिवशी रद्द झाली आणि मग एकेक परत सुरू करायची वेळ आली, तेव्हा आधी कोणती सुरू करायची याचा निवाडा याच मापानं झाला. जी शेवटी सुरू व्हायची ती बऱ्याच ठिकाणी झालीच नाही.

त्यात सगळ्यात मोठं नुकसान मुक्कामी गाडीचं. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गाडी गावात जायची, चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या वऱ्हांड्यात झोपायचे, आणि पहाटे तीच गाडी गावाला घेऊन शहराकडे निघायची. या एका गाडीनं गावाची सकाळ ठरायची. कॉलेजची पोरं, दूधवाले, पहाटेची रेल्वे पकडणारे, कोर्टाची तारीख असलेले, सगळे तिच्यात. वाहकाला गावातली घरं माहीत, घरांना वाहक माहीत. म्हातारीची औषधाची चिठ्ठी त्याच्याकडे दिली की दुसऱ्या दिवशी औषध यायचं. बाहेरच्या माणसाला रात्री गावात ठेवायचं नाही, असे दिवस आले तेव्हा ही गाडी सगळ्यात आधी थांबली. पुढे आजार गेला, पण राहायची नीट जागा, संडास, पाणी हे मुक्कामाचे जुने प्रश्न आता चालकांनी उघड विचारायला सुरुवात केली होती, आणि ते विचारण्यात काही चूक नव्हती. त्यांचं उत्तर ग्रामपंचायतीनं द्यायचं की महामंडळानं, हे ठरलंच नाही. एका खोलीचा आणि एका संडासाचा प्रश्न होता तो. त्यापायी गावांच्या पहाटा गेल्या.

धोरणानं काय केलं? सवलती दिल्या. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांपुढच्या ज्येष्ठांना एसटी मोफत झाली, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. दोन्ही निर्णय मला मनापासून मोलाचे वाटतात. महिला सन्मान योजनेनं तर स्टँडचं रूपच बदललं. दुपारच्या तुळजापूर-सोलापूर गाडीत जुन्या दिवसांसारखी बायकांची दाटी, पिशव्या, हसणं-बोलणं पुन्हा दिसू लागलं. शेजारी रेल्वेनं काय केलं तेही बघावं. २० मार्च २०२० ला ज्येष्ठांची सवलत तिनं आजाराचं कारण सांगून काढली, आजार ओसरला तरी परत दिली नाही. मिरज-परळीसारख्या पॅसेंजर गाड्या पुन्हा सुरू करताना त्यांना एक्सप्रेसचं भाडं लावलं, दहा रुपयांच्या जागी किमान तीस. ते खाली यायला २०२४ उजाडलं. म्हणजे पंढरपूरला निघालेल्या एकाच म्हाताऱ्याला धाराशिवच्या स्टँडवर सरकार म्हणत होतं फुकट चला, आणि तिथल्याच रेल्वे स्टेशनवर म्हणत होतं एक्सप्रेसचं भाडं द्या.

पण सवलत मिळते ती गाडीत चढल्यावर. फाट्यावर जिच्यासाठी गाडीच थांबत नाही त्या बाईला निम्म्या तिकिटाचा उपयोग नाही, आणि ज्या गावची फेरीच गेली तिथल्या ऐंशी वर्षांच्या माणसाचा मोफत प्रवास त्याच्या आधार कार्डापाशीच थांबतो. स्वस्त करणं आणि उपलब्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं एका शासननिर्णयानं होतं. दुसऱ्याला गाड्या लागतात, माणसं लागतात, मुक्कामाची खोली लागते, रोजचं लक्ष लागतं. महासाथीनंतर राज्यानं पहिलं काम केलं आणि त्यानं प्रवासी वाढले, पण त्या प्रमाणात फेऱ्या वाढल्या नाहीत. म्हणून भरलेल्या गाड्या फाट्यावर आणखीच थांबेनाशा झाल्या. या पुस्तकातला माझा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि तो सवलतीवर नाही, तिच्या एकटेपणावर आहे.

तुळजापूरबद्दल न लिहिता या जिल्ह्याच्या प्रवासाचं पुस्तक होऊच शकत नाही. तुळजाभवानीचं मंदिर १७ मार्च २०२० ला बंद झालं, १६ नोव्हेंबरला पाडव्याला उघडलं, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झालं आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, परत उघडलं. मधलं एक अख्खं नवरात्र भक्तांविना गेलं. २०२० मध्ये येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा भरली नाही. त्याच वर्षी आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. शतकांची पायी वाट काही तासांत संपली, आणि वारकरी घरात बसून ती टीव्हीवर बघत राहिले.

इथं मला एक वेगळी गोष्ट दाखवायची आहे. मार्च २०२० मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरानं बसमधली गर्दी कमी व्हावी म्हणून मोठ्या रस्त्यांचा एक भाग मोटारींकडून काढून सायकलींना दिला. पॅरिसनं, मिलाननं तेच केलं. आपल्या केंद्र सरकारनंही त्या वर्षी सायकलींसाठी शहरांची स्पर्धा घेतली, पुण्यानं त्यात भाग घेतला. वर्तमानपत्रांनी या सगळ्याला नव्या युगाची कल्पना म्हटलं. पण कोजागिरीच्या आधीच्या रात्री सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर काय होतं ते आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतो आहोत. सोलापूरकडून, कर्नाटकातून हजारो माणसं अनवाणी चालत येतात, सोलापूरपासूनचं अंतर पंचेचाळीस किलोमीटर. त्यांच्यासाठी प्रशासन त्या रस्त्यावरची वाहतूक वळवतं, जागोजागी पाणी, फराळ, दवाखान्याचे तंबू उभे राहतात, आणि एरवी ट्रकनं थरथरणारा राष्ट्रीय महामार्ग त्या रात्री पायी चालणाऱ्यांचा असतो. हा वाहतुकीचाच निर्णय आहे, आणि आपल्या प्रशासनाला तो उत्तम घेता येतो. २०२० ची कोजागिरी मंदिर बंद असतानाच गेली. २०२१ ला मंदिर उघडलं होतं, तरी त्या दिवसांत बाहेरून येणाऱ्यांना पुन्हा थांबवलं गेलं. रस्ता रिकामा राहिला.

मग प्रश्न असा पडतो, की वर्षातून एक रात्र जो रस्ता पायी चालणाऱ्याला मिळतो त्याच्या कडेची चार फूट जागा उरलेले दिवस शाळेला सायकलनं जाणाऱ्या मुलीला का मिळू नये? मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली मिळतात, शाळेसाठी निळ्या गाड्याही त्यातूनच चालतात. सायकल दिली, पण ती चालवायला रस्ता दिला नाही. सोलापूर-येडशी आणि पुढे बीडकडे जाणारा महामार्ग चौपदरी झाला, गाड्या वेगानं जाऊ लागल्या, आणि रस्त्याच्या पलीकडची शाळा मुलीपासून दूर गेली. धाराशिव शहरातही फिरायला रिक्षा, दुचाकी नाहीतर आपले पाय. बोगोटाचं अनुकरण करा असं मी म्हणत नाही. कोजागिरीचं करा, एवढंच.

पुस्तकाची रचना आगारांप्रमाणे आहे, तालुक्यांप्रमाणे नाही, कारण प्रवासी आगार ओळखतो. लोहारा आणि वाशीच्या वाचकांना आपली गावं उमरगा, भूम, कळंबच्या प्रकरणांत शोधावी लागतील. बार्शीवर पूर्ण प्रकरण आहे. ती दुसऱ्या जिल्ह्यात आहे हे मला ठाऊक आहे, पण परंड्याच्या माणसाला विचारलं तर तो वेगळं सांगेल. ज्या चालक-वाहकांनी, नियंत्रकांनी, विद्यार्थिनींनी आणि फाट्यावरच्या चहावाल्यांनी माझ्याशी बोलायला वेळ दिला, त्यांची नावं त्यांच्याच इच्छेनं दिलेली नाहीत. शेवटी नावाविषयी एक खुलासा. जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं ते २०२३ मध्ये. त्याआधीच्या आदेशांत, तिकिटांवर आणि गाड्यांच्या पाट्यांवर उस्मानाबाद आहे, लोकांच्या तोंडी मात्र धाराशिव निजामाच्या काळातही होतंच. मी माझ्या मजकुरात धाराशिव लिहिलं आहे. कागद उद्धृत करताना कागदावर जे आहे ते, आणि माणसं बोलताना ती जे म्हणाली ते ठेवलं आहे.